मणक्याचा फोटो आणि माझी ताटली

पुणे, ५ फेब्रुवारी ९७

सौ. सुभद्रास,
जय भीम. तुझ्या भावाकडं, पंकजकडं, माझी खायची-प्यायची आबाळ नाही. जामखेडची थंडी सरली का? आईचा खोकला?

काल एमआरआय झाला. घड्याळ, पट्टा काढून घेतला आणि नळीत सरकवलं. आत लई ठोकाठोकी. कातडीचे खवले कोपरावर आणि फोटो मणक्याचा! एक्स-रे तर साफ होता. मला वाटलं, हे डॉक्टर काहीतरी लपवतायत.

पण फोटोत मणक्याला सूज निघाली. एक्स-रेला ती अजून दिसत नाही म्हणे. कातडीचं आणि पाठीचं दुखणं एकच आहे. घाबरू नकोस, औषध आहे.

मी विचारलं, "घरात कुणाला लागेल का?" डॉक्टरीणबाईंनी माझ्या कोपरावर उघडा हात ठेवला. म्हणाल्या, "हे कुणालाच लागत नाही."

माझ्या वडलांनी, आबांनी, हॉटेलात आपल्या जातीसाठी ठेवलेल्या वेगळ्या कपबशीला जन्मभर हात लावला नाही. त्यांच्याच घरात दसऱ्यापासून माझी ताटली वेगळ्या फळीवर असते. ती आईनं ठेवली की तू? खरं लिही.

आल्यावर त्याच ताटलीत आपण दोघं जेवू. तुझा हात कुठं थांबतो, ते बघतो.

तुझा,
रंभाजी