खापराचा चटका

धुळे,
१२ मार्च १९९०

चि. भाईदास यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, यंदा आखाजीच्या सणाला मी जळगावला येणार नाही. घ्यायला येऊ नकोस.

मागच्या आखाजीला तू गल्लीतल्या बायांना हाका मारून माझे हात दाखवलेस. आमची अक्का चुलीवरच्या तापल्या मातीच्या खापरावरची पुरणपोळी नुसत्या हाताने उचलते, तिला चटकाच बसत नाही, म्हणून. मीही फुशारले. फोड यायचे, पण दुखायचे नाहीत ना! आता उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट वळायला लागलं, तेव्हा डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तळहाताच्या कडेवर कापूस फिरवला, मला कळलाच नाही. कुष्ठरोग आहे म्हणाले, कोपराजवळची शीर धरली आहे. वळलेली बोटं सरळ होतीलच असं नाही. पण गोळ्या नेमाने घेतल्या आणि हात जपला, तर पुढचं नुकसान थांबेल. खापर मात्र बंद.

पोळ्याच करायच्या नाहीत, तर माहेरी येऊन करू काय? शिवाय तुझ्या घरात लहान लेकरं आहेत. घरी नाही तरी मनात जागा ठेव.

तुझी
लिलाअक्का

जळगाव,
२० मार्च १९९०

ती. सौ. अक्कास, भाईदासचा सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि त्या दिवशी कचेरीत माझ्या हातून एक ओळ लिहून झाली नाही. फोड डोळ्यांनी पाहिले आणि वर शाबासकी दिली. फार लाज वाटते गं.

आई होती तेव्हा तू अंगणात चुलीपुढे बसायचीस. पोळी तुझ्या हातांवर कोपरापर्यंत पसरायची. निंबाला झोका बांधलेला असायचा, पण पहिली पोळी पदरात पडेपर्यंत मी आमरसाची वाटी घेऊन तिथून हलायचो नाही. ते दिवस सारखे आठवतात.

इथल्या डॉक्टरांना विचारलं. औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागत नाही, म्हणाले. बेबाबाई तर म्हणते, अक्का आल्या नाहीत तर खापरच फोडून टाकते. तुझ्या या भावजयीची पोळी हातावरच फाटते, तुला माहीत आहे. तू लांब बसून शिकव, हवं तितकं रागव. पंचवीस एप्रिलला मी येतोच. तुझा राग चालेल, नकार नको.

तुझा
भाईदास

धुळे,
९ मे १९९०

चि. भाईदास व सौ. बेबाबाई यांस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. रोज संध्याकाळी हात पाण्यात भिजवते, तेल लावते, मग उजेडात उलटसुलट करून बघते, कुठे भाजलं-खरचटलं का. परवा डॉक्टरांनी बोटं तपासली. मार्चमध्ये होती तिथेच आहेत. घरी येऊन देवापुढे साखर ठेवली.

बेबाबाईचं बोट बरं झालं का? तिसऱ्या पोळीला तिला खापर लागलं आणि 'माय वो' करून ती अशी ओरडली की गल्ली गोळा झाली. तुम्ही सगळे हसलात. मी रडले, तर बिचारीला वाटलं तिची पोळी फाटली म्हणून. तसं नव्हतं रे. मला तिच्या ओरडण्याचा हेवा वाटला.

तिला सांग, चटका बसला की असंच ओरडायचं. कुणी कितीही शाबासकी दिली तरी गप्प बसायचं नाही. पुढच्या आखाजीला मला चुलीपासून हातभर लांब पाट मांडा, मी येते.

तुझी
लिलाअक्का