वाल्देमारच्या घरी

३ मे २०२२

प्रिय ओस्ताप,

तू धडधाकट आहेस असं धरूनच लिहितेय. तुझा फोन लागत नाही, म्हणून मेसेजमध्येच एवढं लांबण; रेंज आली की वाच. सोलोमिया मजेत आहे, दोन पोलिश शिव्या शिकली, बापावर गेलीये. इथलं बीट पाणचट, सुपाला रंगच चढत नाही.

तू नंबर दिलेल्या त्या वाल्देमारच्या घरी आम्ही आता नाही. चर्चच्या सभागृहात इतर बायकांबरोबर आहोत. घाबरू नकोस.

तो वाईटच आहे असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. सीमेवर स्वतः गाडी घेऊन आला, गरम जेवू घातलं. नोंदणीसाठी म्हणून पासपोर्ट घेतले, ते मात्र परत आले नाहीत. मग आमच्या खोलीची कडी गेली. विचारलं तर म्हणाला, "मोडली होती, ताई. माझ्या घरात कसली भीती?" मी दाराला खुर्ची लावून झोपायचे, आणि मलाच लाज वाटायची. ज्याचं खायचं त्याच्यावरच संशय!

एकदा जेवताना म्हणाला, "मुलगी चुणचुणीत आहे. शहरात मित्राचं हॉटेल आहे, तिथे कामाला लावून देतो. कोणी विचारलं तर अठरा सांगायचं."

"तेरावं लागलंय तिला."

"वाटत नाही," म्हणाला, आणि तिच्याकडे बघतच राहिला.

रविवारी सगळा गाव चर्चमधून बाहेर पडत होता, तेव्हा मी पायऱ्यांवर मोठ्याने विचारलं, "वाल्देमारभाऊ, आमचे पासपोर्ट?"

"घरी आहेत ना. चला."

"तुम्ही घेऊन या. आम्ही इथेच थांबतो."

लोक कुजबुजले. 'कृतघ्न' एवढं मला कळलं. पाद्रीबाबांकडे स्वयंपाक करणारी म्हातारी गेनोवेफा मात्र माझ्या शेजारी येऊन बसली. "जा की रे," त्याला म्हणाली, "मलाही घाई नाही."

त्याने आणून दिले. गावात तो अजून देवमाणूसच आहे. पोलीस मला म्हणाले, "पण बाई, त्याने केलं काय?"

हे तुला कळवणार नव्हते. बायकापोरं सुखरूप आहेत, एवढ्याच भरवशावर तू त्या खंदकात उभा आहेस. पण काल तुझा निरोप आला, की वाल्देमारचा नंबर तू तुझ्या तुकडीतल्या दम्यानलाही दिलास, आणि त्याची बायको दोन मुलींना घेऊन शुक्रवारी निघतेय. मी तिला लगेच फोन केला. म्हणाली, "माणूस ओस्तापने पारखलाय. तू कशाला मोडता घालतेस?"

माझा शब्द तिला पुरत नाही, ओस्ताप. तुझा पुरेल. माझी बायको संशयखोर आहे, असं हवं तर हसत सांग दम्यानला. पण शुक्रवारच्या आत सांग.

तू माझ्यावर विश्वास ठेवशील ना, एवढाच संशय उरलेली,
तुझी झोर्याना