बुरुल-अपांचं विरजण

११ जून

फुटली! आणखी एक बाटली फुटली, आणि ती थेट कंपनीच्या संचालकांच्या, मेदेरबेकांच्या, गाडीत. मागच्या सीटवर त्यांच्या सासूबाई होत्या. किमिझनं न्हाल्या म्हणे. रेशमी रुमाल गेला तो गेलाच.

बैठकीत मेदेरबेक हसत हसतच बोलले, पण ऐकवायचं ते ऐकवलं. "सरकारनं तुझं विद्यापीठ आणि माझी कंपनी एका गाडीला जुंपली, गुलबार. दोन वर्षं मी ओढतोय. तू काय करतेस? मागे बसून झाकणं मोजतेस?"

सगळे हसले. मीही हसले. दुसरं काय करणार.

घोडीचं दूध आंबवून किमिझ करायचा, बाटलीत भरायचा आणि तो दुकानात तीन आठवडे टिकला पाहिजे. ठरलं होतं ते एवढंच. माझं विरजण एक तर दुधाचं व्हिनेगर करतं, नाही तर झाकणं उडवतं. मंत्रालयाची मदत तीन वर्षांची, पण तिसरं वर्ष मिळायचं तर निकाल दाखवावा लागतो. माझ्याकडे दाखवायला काय आहे? फुटक्या बाटल्यांचे फोटो.

तोक्तोगोन असानोव्ना — आमच्या विभागप्रमुख — पूर्ण वेळ चष्मा पुसत बसल्या. 

१६ जून

डोंगरातल्या सुसामिर दरीतून आताच आले. अंगाला अजून धुराचा वास आहे.

मार्श्रुत्काचा, म्हणजे मिनीबसचा, ड्रायव्हर सांगत होता — बुरुल-अपांचा किमिझ दहा दिवस ठेवा, काही होत नाही. बिश्केकमधले छातीचे रोगी उन्हाळाभर त्यांच्या तंबूशेजारी तंबू ठोकून राहतात. म्हटलं बघू या.

अपा सत्तरीच्या. बुटक्या, लाल गालांच्या, आवाज एवढा मोठा की घोड्या कान टवकारतात. मी विद्यापीठातून आले म्हटल्यावर आधी बसवलं, बोरसोक, तळलेले पिठाचे गोळे, पुढे केले, साय पुढे केली. मग विचारलं, "मुलं किती?" दोन मुली, म्हटलं. "आणि एवढी बारीक? तुमच्याकडे खायला घालत नाहीत का शिकलेल्या बायकांना?"

त्यांची साबा — घोड्याच्या कातड्याची पिशवी, धुरानं काळीभोर — दाराच्या उजव्या अंगाला टांगलेली. सासूकडून आलेली. विरजण तिच्याही आधीचं. कधी पूर्ण रिकामी करत नाहीत. हिवाळ्यात तळाचा साका वाळवून ठेवतात आणि वसंतात पहिल्या दुधात सोडतात. एक वर्ष घोड्या रोगानं गेल्या, तेव्हा सासू शेजारणीकडून वाटीभर दूध मागून आणायची, केवळ विरजण जगावं म्हणून. हे सगळं अपा ढवळता ढवळता सांगत होत्या.

मी म्हटलं, "थोडं द्याल का, अपा? तपासायला."

"तपास की! आणि सांग मला, काय काय आहे त्यात. पन्नास वर्षं ढवळतेय, मला कुणी सांगितलं नाही."

"कळवते," मी म्हटलं.

सून मीरिमनं बाटली लोकरी मोज्यात घालून दिली, वाटेत गरम होऊ नये म्हणून. पैसे काढले तर अपांनी माझ्या हातावर चापट मारली.

५ जुलै

वेगळं काढलं! एक यीस्ट आणि त्याच्या जोडीला दोन जिवाणू. असं यीस्ट मी पाहिलं नव्हतं — हळू चालतं, गॅस कमी करतं, आंबटपणा एका पातळीला आला की आपणच थांबतं. शहाण्यासारखं. प्रयोगशाळेत एकटीच नाचले.

अपांना फोन करायला हवा. आधी बाटल्यांचं बघते.

६ जुलै

नंबर मीरिमचा आहे. उद्या करीन.

२ ऑगस्ट

एकवीस दिवस. चाळीस बाटल्या. एकही फुटली नाही, एकही आंबली नाही!!

मेदेरबेकांनी चव घेतली, डोळे मिटले. "ही माझ्या आजीच्या घरची चव आहे," म्हणाले. मग सगळ्यांसमोर मला मिठी मारली. तोक्तोगोन असानोव्नांनी कपाळाचं चुंबन घेतलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

६ ऑगस्ट

पेटंटचा अर्ज. सातवा रकाना — "विरजणाचा मूळ स्रोत".

मी लिहिलं होतं — सुसामिर, बुरुल-अपा, घरगुती साबा. तोक्तोगोन असानोव्नांनी कागद वाचला, पेन घेतलं, बारीक रेघ मारली.

"हे लिहिलंस तर त्या म्हातारीशी करार करावा लागेल. हिस्सा ठरवावा लागेल. मग तिच्या शेजारणी येतील, मग सगळी दरी येईल. वर्ष जाईल त्यात, आणि मंत्रालयाची तारीख आहे वीस."

"मग काय लिहू?"

"विद्यापीठाच्या संग्रहातून. आपल्या फ्रीजमध्ये आहे ना ते? मग संग्रहातलंच की."

मेदेरबेक खुर्चीतून हसले. "गुलबार, दूध काढताना घोडीला विचारतात का?"

मी म्हटलं, विचार करते. खरंच म्हटलं.

७ ऑगस्ट

लिहिलं. "विद्यापीठाच्या संग्रहातून." माझ्याच अक्षरात. कुणी हात धरून लिहून घेतलं नाही. मला कुणी धमकावलंसुद्धा नाही! तिसरं वर्ष हवं होतं, आणि शोधकर्ती म्हणून पहिलं नाव माझं हवं होतं. बस.

नवऱ्याला, एर्निसला, सांगितलं नाही. जेवताना तो म्हणाला, "एवढी गप्प का? जिंकलीस ना?"

३० ऑगस्ट

मंत्रालयात सोहळा झाला. विद्यापीठ आणि उद्योग हातात हात घालून वगैरे. मला फुलं दिली, प्रमाणपत्र दिलं. टीव्हीच्या मुलीनं विचारलं, "हे विरजण तुम्हाला कसं सापडलं?"

मी म्हटलं, "दोन वर्षांच्या अथक परिश्रमांतून."

अथक परिश्रम! मार्श्रुत्कामध्ये चार तास बसून, बोरसोक खाऊन, मोज्यात गुंडाळून आणलं. घरी आले तर मुलींनी ती मुलाखत चारचारदा लावून पाहिली. मी स्वयंपाकघरात उभी राहून नळ सोडला, आवाज ऐकू येऊ नये म्हणून.

८ सप्टेंबर

आज कंपनीचं परिपत्रक हातात पडलं — मला ते माहितीसाठी पाठवलंय, शास्त्रज्ञ म्हणून! पुढच्या उन्हाळ्यापासून सुसामिरच्या खरेदी केंद्रावर फक्त कंपनीच्या विरजणाचा किमिझ घेणार. पाकिटं कंपनी विकणार. कातडी पिशव्या बंद, त्या "अस्वच्छ" आहेत. जे आत्ताच लिहून देतील त्यांचाच यंदाचाही माल घेणार.

खाली आधार म्हणून माझा अहवाल जोडलाय.

म्हणजे अपांचंच विरजण अपांनी पाकिटातून विकत घ्यायचं.

मेदेरबेकांना फोन केला. "मेदेरबेक, हे बरोबर नाही."

"तूच तर लिहिलंस ना, शुद्ध विरजणामुळे एकसारखा दर्जा मिळतो म्हणून? मी तुझंच वाक्य उचललं." आणि मग मऊ आवाजात, "तुझा शोध आहे, पोरी. अभिमान बाळग."

१४ सप्टेंबर

गेले होते. सगळं सांगायचं ठरवूनच गेले होते. नाही सांगितलं.

खिंडीपलीकडे बर्फ पडायला लागलाय. खाली उतरायची तयारी चालली होती. तंबूचे लोकरी नमदे गुंडाळून ठेवलेले. अपांनी मला लांबून ओळखलं आणि ओरडल्या, "मीरिम! टीव्हीवाली आली!"

त्यांनी पाहिलं होतं. शेजारच्या चार घरांना बोलावून दाखवलं होतं. "मी म्हटलं सगळ्यांना — ही माझ्या दारात बसून किमिझ प्यायलीय! तीन वाट्या!"

मी मान खाली घालून बसले. त्यांना वाटलं, लाजतेय.

मग म्हणाल्या, "बरं झालं आलीस. एक काम आहे तुझ्याशी." गेले आठ दिवस केंद्रावर त्यांचा किमिझ घेत नाहीत. बाकीच्यांनी लिहून दिलं. यांनी नाही दिलं. "सासूची पिशवी मी घाण आहे म्हणून सही करू? माणसं बरी झालीत तिच्यावर." दुसरं गिऱ्हाईक नाही, थंडी पडली तसे रोगीही गेले, दोन दिवसांचा किमिझ ओढ्यात ओतला. मीरिम हळूच म्हणाली, "अपा ओतताना तोंड फिरवतात."

"तू तपासलंस ना माझं?" अपांनी विचारलं. "काय निघालं त्यात?"

"चांगलं निघालं."

"घाण नव्हती ना?"

"नाही, अपा. अजिबात नाही."

"मग तेवढं लिहून दे कागदावर. विद्यापीठाचा शिक्का मारून. तुझं नाव आता मोठं आहे, ते ऐकतील."

माझ्याकडून कागद मागत होत्या. माझ्याकडून!

मी म्हटलं, "बघते." त्यांनी माझे दोन्ही हात धरले, त्यांवर फुंकर घातली — गार पडलेत म्हणाल्या. निघताना कुरुतची, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची, पिशवी दिली, मुलींसाठी. मी घेतली. तीही घेतली!

१५ सप्टेंबर

मार्श्रुत्कामध्ये खिडकीत स्वतःचं तोंड दिसत होतं. जागा बदलून बसले.

२१ सप्टेंबर

एर्निसला सांगितलं. सगळं. त्यानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "मी तर ऑफिसात सगळ्यांना सांगत मिरवलं गं." एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं.

थोड्या वेळानं म्हणाला, "नोकरी जाईल."

"हो."

"घराचे हप्ते आहेत." मग स्वतःच हात हलवला. "लिही तू. मी इथे बसतो."

२३ सप्टेंबर

मंत्रालयाला पत्र दिलं. सातव्या रकान्यात मी खोटं लिहिलं. विरजण बुरुल-अपांच्या साबेतून, तारीख अमुक, पेटंटचं त्यांना न सांगता. अपांच्या किमिझचा खरा तपासणी अहवालही जोडला. एक प्रत विद्यापीठाला, एक कंपनीला. पोचपावती घेतली. सही माझीच वाटत नव्हती.

अपांना मात्र फोन केला नाही. चौकशी होऊ दे, मग समोर जाऊन सांगीन, असं म्हणतेय. खरं तर घाबरते. सरकारला सांगता आलं, त्यांना नाही.

२५ सप्टेंबर

तोक्तोगोन असानोव्नांनी दार लावून घेतलं.

"तू एकटी पवित्र होणार? सही माझीही आहे त्याच्यावर. दीड वर्षात निवृत्त होतेय मी!"

मी माफी मागितली. त्यांची मागितली. किती सहज मागता आली.

"माफी नको मला. पत्र मागे घे. ताण होता, औषध चालू होतं, असं काहीतरी लिही."

"नाही घेणार."

"तेव्हा कुठे होता हा ताठा? ऑगस्टमध्ये?"

 बरोबर बोलल्या त्या.

३ ऑक्टोबर

मला शिकवण्यातून बाजूला केलंय. प्रयोगशाळेची किल्ली परत दिली. कॉरिडॉरमध्ये लोक भिंतीच्या बाजूनं जातात. मेदेरबेक भेटले फाटकाशी, थांबले. ओरडतील वाटलं. "अस्सल विरजण होतं गं ते," एवढंच म्हणाले, आणि गाडीत बसले. बहुतेक त्यांनाही आजी आठवली असावी. की मलाच तसं वाटून घ्यायचंय?

१५ ऑक्टोबर

तीन जणांची समिती नेमली. परवा सुसामिरला जाणार. अपा आता खाली गावात आहेत. अपांनी फक्त एवढं सांगायचं की ही बाई जूनमध्ये आली, बाटली घेऊन गेली. मग अर्ज दुरुस्त होईल, अपांचं नाव येईल, करार होईल. आणि मला काढतील. नियमच आहे तसा. अध्यक्षांनी मला समजावून सांगितलं, सभ्य माणूस आहे.

टेबल आवरलं. दोन खोकी झाली. कित्येक दिवसांनी पोटभर जेवले. पुढे काय होईल ते होवो — निदान मी माझ्या परीनं परत दिलं. मुलींनाही सांगितलं. धाकटी म्हणाली, "मग त्या आजींना सॉरी म्हणालीस का?"

म्हणणार आहे, म्हटलं.

२२ ऑक्टोबर

समितीचा निर्णय आला. तक्रार निराधार. अर्ज आहे तसाच पुढे जाईल. मला सोमवारपासून कामावर घेतलंय.

त्यांनी माझं पत्र अपांना शब्दन् शब्द वाचून दाखवलं. नियमानुसार पुढचंही सांगितलं, की हे खरं ठरलं तर हिची नोकरी जाईल. अपांनी जबाब दिला, खाली सही आहे: "ही बाई माझ्याकडे कधीच आली नाही. मी हिला ओळखत नाही."

संध्याकाळी मीरिमचा निरोप आला. "अपा म्हणतात, दोन मुली आहेत तिला, नोकरी राहू दे. आणि म्हणतात, खिंड ओलांडून परत येऊ नकोस."