मिरचीचा खोकला

१२ जून
आईले टीबी निघाला. नागभीडच्या दवाखान्यात सांगतलं. आमाले वाटे मिरचीचाच खोकला हाये — तेलंगणात मिरची तोडून आलं का सारेच खोकलतेत. बाबा म्हने, ठसका हाये, जाईन.

१३ जून
गावातली आशा सेविका ज्योत्स्नाबाई घरी आली. घरात कोन झोपते, जवळ कोन बसते, लिहून घेतलं. बाबा, मी, भाऊ आदेश. आईनं माह्याकडं पाह्यलं. मी खाली पाह्यलं.
शेजारच्या कमळाकाकूचं नाव नाई सांगतलं. आई रोज दुपारी तिच्या खोलीत माशांचं जाळं शिवाले बसे. ऊन लागते म्हनून दार लावून. मांडीवर काकूचा प्रणित. दीड वर्साचा हाये तो.

१६ जून
आमचे छातीचे फोटो साफ निघाले. तरी गोळ्या — आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. आदेश म्हने, मले काई झालंच नाई तं काऊन?
ज्योत्स्नाबाई म्हने, "रोगाचा जंतू आत जाऊन झोपला असन न, तं उठाच्या आधीच माराचा."
आदेशनं गोळी गिळून जीब दाखवली. प्रणितले कोन देईन?

१७ जून
आईले म्हनलं, ज्योत्स्नाबाईले काकूचं नाव सांगू.
"सांगशीन तं उद्यापासून आपले मासे कोनी घेनार नाई, दामिनी."
मी चूप बसली. शाळेतबी चूपच बसो. मिरचीवरून आली का धडा कुठच्या कुठी गेला राहे, विचाराची लाज वाटे. मंग गेलीच नाई.

१९ जून
प्रणित आईच्या मांडीवर चढाले आला. आईनं पदर तोंडाले लावून त्याले ढकललं. तो रडला. आईबी.

२० जून
काकूच्या दारावरून दोनदा वापस आली.

२१ जून
काकूले सांगतलं, आईले टीबी हाये!
वाटलं काकू भांडन. ते उठली, धानाच्या कोठीमांगून डबा काहाडला. टीबीच्या गोळ्याच गोळ्या. तिच्या नवऱ्याच्या — धनराजकाकाच्या! मिरचीवरून आल्यावर माहेरी, कुरखेड्याले नेऊन दाखवलं म्हने. इथी कोनाले समजू नये म्हनून. प्रणितलेबी तवापासूनच रोजची गोळी हाये.
तिकडं मिरचीवर काका आमच्याच झोपडीत झोपे. लय खोकले. सारे हासत — धनराजची मागच्या सालची मिरची अजून उतरली नाई.
"तुह्या आईले सांगाचं होतं वं," काकू म्हने. "लाज वाटली."
मले राग नाई आला. आमीबी तेच केलं.

२२ जून
काकू न मी ज्योत्स्नाबाईकडं गेलो. झोपडीत आनखी कोन कोन होते, तिनं विचारलं. काकूनं माह्याकडं पाह्यलं. मी सांगत गेली.
अकरा नावं झाली.