धोंडी कुंभाराचं गाढव

पौष वद्य पंचमी, नेकनूर. दिवेलागणीनंतर.

आज शेवटी गाढव घरी आणलंच. प्लेगात धोंडी कुंभाराचं सगळं घर गेलं, तेव्हापासून ते त्याच्या बंद दारापुढं उभं होतं. पाठीवर जखमा, पोट खपाटीला. रोगाच्या भीतीनं कुणी कडब्याची पेंडीसुद्धा टाकीना. दावं लावून ओढलं, पण जागचं हलेना. कान सारखे त्या दाराकडं. मग एकाएकी, कुणी हाक मारावी तसं वळलं आणि माझ्यापुढं चालत थेट आमच्या गोठ्यात शिरलं. हाक मी तर मारली नव्हती.

जखमांना हळदतेल लावलं. हूं की चूं केलं नाही. कान मात्र आता रिकाम्या कोपऱ्याकडं. बायको दारातच थबकली.

"अवो, तुमच्यामागं कोण आलतं?"

"कुनीच न्हाई."

"मग ते कावून तिकडं बघतंय?"

भ्यायलो होतो, खरं लिहायला काय हरकत? तिनं मात्र पदर सावरला आणि कोपऱ्याकडं बघून म्हणाली, "धोंडीमामा, काळजी करू नगा. आमी सांभाळतो त्याला."

कोपऱ्यातला कडबा सळसळला. वारा नव्हता. गाढवानं मान खाली घातली आणि चाऱ्याला तोंड लावलं.