बेनाजाकाकांचा पणतू

हॉलिस्टर, नॉर्थ कॅरोलायना
१० फेब्रुवारी १९८०

ती. मावशीआजीस, शि. सा. न. वि. वि.

आधी खुर्चीत बस, मग वाच. मी लग्न ठरवलं आहे, आणि आजीने ते अडवलं आहे.

मुलाचं नाव डेल्टन ऑक्सेंडाइन. कॉलेजात माझ्या पुढे होता. रॉबसन काउंटीकडचा, लंबी जमातीचा. म्हणजे आपल्यासारखाच मूळचा अमेरिकन इंडियन, पण आपल्या जमातीतला नाही. रविवारी जेवायला आणला. आजीने कोंबडीच्या रश्श्यात चकोल्या केल्या, पण वाढण्याआधी विचारलं, तू कोणाचा? त्याने आजोबा-पणजोबांची नावं सांगितली. आजीला एकही ओळखू येईना. ज्याचं बूड ठाऊक नाही त्याला नात देणार नाही, म्हणाली.

मी समजावलं, पासष्ट साली राज्याने आपल्याला इंडियन म्हणून मान्यता दिली, गेल्या वर्षी आपण जमातीच्या हालिवा या नावाला सापोनी हे जुनं नावही जोडलं, आता तरी मन मोठं कर. तर म्हणते, सरकारला आपण पटायला एवढी वर्षं लागली, मग हा मला एका जेवणात कसा पटेल?

तूच काहीतरी कर. लोभ आटू देऊ नकोस.

तुझी व्हर्लीन


बाल्टिमोर, १८ फेब्रुवारी

चि. व्हर्लीनस अ. उ. आ.

भाषणं देऊन तुझी आजी लिओरा वळली असती तर मी तिला पन्नास वर्षांपूर्वीच वळवलं असतं. तुझं शिकवणं तुझ्या शाळेतल्या पोरांसाठी ठेव.

इथे भाजीवाला माझ्याशी ग्रीक बोलतो, शेजारीण स्पॅनिश. मी कोणाची हे विचारणारं कोणी नाही, म्हणून तुझ्या आजीच्या त्या प्रश्नाचा रागही येत नाही.

तिला सांग, आपले बेनाजाकाका तरुणपणी पाइनची राळ काढायला रॉबसनकडे गेले होते. तिथे एका ऑक्सेंडाइन बाईशी त्यांचं जमलं. मूल आईच्या नावाने वाढलं. डेल्टन त्यांचाच पणतू असणार. कान बघ म्हणावं, काकांचेच आहेत.

माया आहे तशी असू दे.

ओडेसा


हॉलिस्टर, ९ मार्च

ती. मावशीआजीस सा. न.

तू माझं वाटोळं केलंस. आजीला पत्र वाचून दाखवलं. तिने चष्मा लावून डेल्टनचे दोन्ही कान पाहिले आणि त्याला मिठी मारली. रविवारी चर्चमध्ये उठून सांगितलं, बेनाजाकाकांचा पणतू घरी आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता कोणी त्याला हेरिंग मासे तळून पाठवतं, कोणी कोलार्डची पालेभाजी.

पण काका हे आजीचे सख्खे चुलते. म्हणजे डेल्टन माझा भाऊ लागतो. जे नातं मला बोटांवर मोजता येतं त्यात लग्न नाही, असं आजीने जाहीर केलं आहे. माझ्यासाठी ती दुसरा मुलगा शोधते आहे, आणि त्या कामी सल्ला डेल्टनचा घेते.

तो बिचारा दर रविवारी येतो. छप्पर दुरुस्त करून दिलं. मला ताई म्हण असा हुकूम झाल्यापासून माझ्याकडे बघतच नाही. हसू येतं आणि रडूही.

तुझी (लोभ कमी झालेली) व्हर्लीन


बाल्टिमोर, १५ मार्च

चि. व्हर्लीनस आशीर्वाद आणि माफी.

रॉबसनची गोष्ट मी रचली. काका पाहुणे म्हणूनसुद्धा तिकडे गेले नव्हते. मला वाटलं, लिओराला एक दोरा मिळाला की पुरे. ती अख्खी गोधडी शिवेल हे ध्यानात आलं नाही.

तिला खरं सांग. मला सांगायचं धैर्य नाही.

ओडेसा


हॉलिस्टर, ३० मार्च

ती. मावशीआजीस शि. सा. न.

सांगितलं. डेल्टन शेजारीच उभा होता. आजी कणीक लाटत राहिली. म्हणाली, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. बेनाजाकाका अंधाराला इतके भ्यायचे की शेजारच्या एनफिल्ड गावापलीकडे मुक्कामाला कधी राहिले नाहीत.

मग हे सगळं कशाला, मी विचारलं. तर म्हणाली, परका असता तर ताई म्हणायला सांगितल्यावर पळाला असता. हा पुढच्या रविवारी शिडी घेऊन आला. आणि ओडेसा माझ्यासाठी जन्मात खोटं बोलली नाही, उलट आईकडे चुगल्या करायची. ती ज्याच्यासाठी खोटं बोलली तो घरचाच.

लग्न जूनमध्ये. डेल्टन पुन्हा माझ्याकडे बघायला लागला आहे, जरा जास्तच.

एकच अडचण आहे. चर्चमध्ये सगळे अजून त्याला माझा भाऊ समजतात. आजी म्हणते, मी टाळ्या घेतल्यात, त्या परत करणार नाही. खोटं बाल्टिमोरहून बोलता येतं, कबूल करायला इथे यावं लागतं. तेव्हा सगळ्यांसमोर उभं राहायला तू मेमध्येच ये. तुझी खोली तिने आजच झाडली.

येताना सगळा लोभ बरोबर आण.

तुझी व्हर्लीन