टेबलाचा पलंग

प्रिय रस्टी,

बाबा गेल्यावर त्यांचा जुना ट्रेलर, आपलं सुट्टीतलं फिरतं घर, मी अंगणात दुरुस्त करतेय. रोज संध्याकाळी जेवणाचं टेबल उभं करून ठेवते. सकाळी ते दोन बाकांच्या मधे खाली पाडून त्याचा पलंग केलेला असतो, उशी दाराकडे, बाबा करायचे तसाच.

शेजारची डोरीन म्हणाली, "अगं, झोपेत तूच करत असशील!" मग कुलूप लावून किल्ली तिच्याकडेच दिली. तरी तेच. म्हटलं, म्हातारा येतोय, येऊ दे.

पण आज दोन उशा होत्या. दुसरी भिंतीकडे, लहानपणी तू झोपायचास तिथे.

उद्या तुझं ऑपरेशन, म्हणून हे पाठवणार नाही. टेबल उभं केलंय आणि त्याच्यावरच कोपरं रोवून लिहितेय. तुझा फोन येईपर्यंत इथून हलणार नाही.

तुझी हट्टी बहीण,
मार्ज